भलते साहस

आत्या गेल्यावर दोन महिन्यांनी तिची पत्र्याची पेटी उघडली. दोन नऊवारी, चष्म्याचं घर, जुनी रेशनकार्डं आणि सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा. बहुतेक पत्रं लग्नकार्याची, पिकापाण्याची. एक तेवढं मी बाजूला काढलं. मे १९५७ मधलं, जांभळ्या शाईतलं, तिच्या चुलत सासऱ्यांनी लिहिलेलं. मायना 'गं. भा.' असा. मग अनेक आशीर्वाद, मग विहीर आटल्याची बातमी, आणि शेवटी तीन वाक्यं. मास्तरणीच्या नोकरीसाठी अर्ज केल्याचे कानावर आले. आपल्या घराण्यास हे शोभत नाही. भलते साहस करू नये.

आत्या तेव्हा सव्वीस वर्षांची होती. बाविसाव्या वर्षी नवरा मुदतीच्या तापाने गेलेला, पदरात मूल नाही, सातवी फायनल पास. आमचं घर देशमुखांचं. वऱ्हाडात कुणब्यांत विधवेचा पाट लावायचे. देशमुखांत ते नाव काढायचीही सोय नव्हती. शाळेत पोरांना बाराखडी शिकवायला जाणं, एवढंच तिचं साहस.

मी स्वतः बत्तीस वर्षं बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांतून मराठी शिकवलं. समानार्थी शब्दांत साहस म्हणजे धाडस, विरुद्धार्थी शब्द भित्रेपणा, असं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पाठ्यपुस्तकातली साहसाची गोष्ट म्हणजे पुरात उडी घेणारा मुलगा, नाहीतर गडाचा कडा चढणारा मावळा. त्या पोस्टकार्डाने मला थांबवलं. तिथे साहस ही नावाजण्याची गोष्ट नव्हती. तो आरोप होता. आणि तेव्हा मला आमच्याच जिल्ह्यातल्या एका बाईच्या पुस्तकाचं शीर्षक आठवलं, जे मी पूर्वी वाचलं होतं पण नीट ऐकलं नव्हतं.

ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. आपण पुस्तकाचं नाव एवढंच घेतो, पण मुखपृष्ठावर त्याला पुढे एक शेपूट आहे. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध आहे, अशा अर्थाचं. आजच्या मुलीला हे वाचायला दिलं तर तिला वाटेल, बाईंनी शूर कोण याची स्पर्धा लावली आहे. तसं नाही. इथे साहसी म्हणजे बेछूट, पापाला न भिणारा.

हा अर्थ फार जुना. धर्मशास्त्रात खटल्यांची जी अठरा पदं सांगितली आहेत, त्यांत एक 'साहस'. बळजोरीने केलेला गुन्हा: खून, दरोडा, मारहाण. दंडाची मोजणीसुद्धा प्रथम, मध्यम, उत्तम साहस अशी होई. आणि संस्कृतातल्या एका प्रसिद्ध सुभाषितात बायकांचे उपजत दोष मोजले आहेत, त्यांत खोटेपणाच्या पाठोपाठ दुसरा नंबर साहसाचा. म्हणजे पुरुषाने साहस केलं तर ते त्या वेळचं कृत्य. बाईच्या बाबतीत तो स्वभावच. तिने काही करण्याआधीच ती साहसी ठरलेली. आत्याच्या चुलत सासऱ्यांनी सुभाषित वाचलं असेल असं नाही. ते शब्दात मुरून त्यांच्यापर्यंत आलं होतं.

ताराबाईंना लेखणी उचलायला लावणारी घटना घडली ती गुजरातेत. सुरत जिल्ह्यातली विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, आणि जन्मलेलं मूल तिने मारलं. १८८१ साली सुरतेच्या सेशन कोर्टाने तिला फाशी सुनावली. अपिलात मुंबई हायकोर्टाने ती रद्द करून जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मग वर्तमानपत्रांत रान उठलं. पुण्याच्या 'पुणे वैभव'ने त्या एका बाईवरून साऱ्या स्त्रीजातीच्या चालीवर ताशेरे झाडले.

एका आईने पोटचं मूल मारलं, हे ऐकून आपल्यालाही शहारा येतो, आणि यायलाच हवा. पण तिच्यापुढे वाटा किती होत्या, हे मोजून पाहावं. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. कागदावर वाट मोकळी. पण त्याच कायद्यात एक कलम असं होतं की पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल. वर जातीचा बहिष्कार, तो तिच्यावर आणि तिच्या माहेरावरही. मूल ठेवावं तर स्वतःची अब्रू जाणार आणि धाकट्या बहिणींची लग्नंही मोडणार. ज्या समाजाने तिला माजघराच्या अंधारात ठेवलं, त्याच समाजातला कुणी पुरुष त्या अंधारात आला असणार. शिक्षा मात्र झाली ती एकटीला.

पुण्यात हेच जवळपास वीस वर्षं आधी घडलं होतं. गोवंडे नावाच्या गृहस्थांच्या घरी स्वयंपाकाला असलेली काशीबाई नावाची विधवा अशीच फसली, तिने जन्मलेलं बाळ मारलं, आणि तिला अंदमानात पाठवलं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यानंतर आपल्या घराशेजारी अशा बायकांसाठी बाळंतपणाची जागा काढली आणि गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा, अशी जाहिरात ब्राह्मणवस्तीत भिंतींवर लावली. १८८४ सालच्या टिपणात जोतीरावांनी लिहून ठेवलं आहे की तोवर ३५ विधवा येऊन गेल्या. तो आकडा मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं नुसती ऐकून घेत. मग मी म्हणायची, आपल्या वर्गात किती जण आहेत मोजा. चौतीस, छत्तीस असे भरत. तेवढी माणसं एकदम डोळ्यांपुढे बसलेली दिसली की वर्ग गप्प होई.

आता ताराबाई. त्या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न केलं ते घरजावई आणून. त्यामुळे सासुरवास टळला, पण मराठ्यांच्या घरचा पडदा टळला नाही. ताराबाई स्वतःच सुरुवातीला सांगतात की आपण घरात कोंडलेल्या, जगाचा अनुभव नसलेल्या, आणि हा आपला पहिलाच प्रयत्न आहे.

बुलढाणा तेव्हा डोंगरावरचं लहानसं कचेरीचं गाव. रेल्वे खाली मलकापूरला. तिथून राजूर घाट चढून यायचं. पुण्याचं वर्तमानपत्र बैलगाडीने नाहीतर हरकाऱ्याच्या झोळीतून वर यायचं, तेव्हा बातमी शिळी झालेली असायची. मी त्या घाटातून एसटीने शेकडो वेळा गेले आहे. पावसाळ्यात दरीतून धुकं चढतं तेव्हा कंडक्टरसुद्धा बोलायचं थांबतो. त्या वाटेने एक अंक वर आला, एका कारकुनाच्या लेकीने तो वाचला, तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तिचं उत्तर त्याच वाटेने खाली उतरून पुण्याच्या छापखान्यात गेलं. माझ्या मनात आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातला हा मोठा प्रवास आहे.

उत्तर कसं दिलं, ते पाहण्यासारखं आहे. ताराबाई विजयालक्ष्मीसाठी रडत बसत नाहीत. बायकांवर जे दोष लादले जातात ते एकेक हातात घेतात, उलटून पुरुषांपुढे धरतात आणि विचारतात: हे कुणात जास्त? बायको मेली की तेरावं होतं न होतं तोच दुसरी मुलगी पाहायला निघणारा पुरुष आणि नवरा मेला म्हणून जन्मभर तोंड लपवणारी बाई, यांत वचन कोण पाळतं? धोतर-पगडी टाकून इंग्रजी वेष घेतला तेव्हा तुमचा धर्म बुडाला नाही, मग तो सगळा बायकांच्याच डोक्यावर का ठेवता? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी गेलेला एक तरी नवरा दाखवा. देवांनाही त्या सोडत नाहीत. सुधारणेच्या नुसत्या सभा भरवणाऱ्यांनाही नाही. आणि ही भाषा कशी? चुलीपुढची, पाणवठ्यावरची. शिव्या आहेत, म्हणी आहेत, वाक्यं श्वास न घेता पळतात. पंडिती मराठीच्या त्या दिवसांत हे छापून आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मराठीची शिक्षिका म्हणून मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो भाग वेगळाच आहे. ताराबाई कथा-कादंबऱ्यांची झडती घेतात. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक. त्या काळी घरोघर वाचली जाणारी पुस्तकं. त्यांत बायका एक तर देवता, नाहीतर कारस्थानी. ताराबाईंचं म्हणणं असं की लिहिणारे तुम्हीच, रंगवणारे तुम्हीच, आणि मग त्या रंगवलेल्या बाईकडे बोट दाखवून म्हणता की बघा, बायका अशा असतात. मराठी कादंबरी जेमतेम पंचवीस वर्षांची असताना एका बाईने ओळखलं की पुस्तकातली बाई बघून कोर्टातल्या बाईचा निकाल लागतो. समीक्षा शिकवताना आम्ही परदेशी नावं पाठ करत होतो. आमच्या जिल्ह्यातली ही बाई कुणी आम्हाला वाचायला दिली नाही.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. पातिव्रत्याची चौकट त्या पुरती मोडत नाहीत. नवऱ्याने नीट वागावं, मग बायको त्याला देव मानेलच, अशा तऱ्हेचं बोलणं त्यांच्या पुस्तकातही आहे. एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाकडून आजचे सगळे विचार मागू नयेत.

पुस्तकाचं स्वागत झालं नाही; टिंगल झाली. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले, लेकीला म्हणावं तसं 'चिरंजीव' म्हणून त्यांनी ताराबाईंचा उल्लेख केला. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. जिने एका दमात एवढं लिहिलं तिच्याजवळ पुढे सांगायला काही उरलं नसेल, हे मला खरं वाटत नाही. पुढे ९३ वर्षं ते पुस्तक जणू नव्हतंच. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे पुन्हा छापलं. १९९४ साली रोझालिंड ओहॅनलन यांनी ते इंग्रजीत नेलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी नोकरी निम्मी झाली होती.

आमच्याच जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे, जिजाऊंचं जन्मगाव. दर १२ जानेवारीला तिथे लाखो माणसं जमतात, मीही विद्यार्थिनींना घेऊन जायची, आणि ते दर्शन घेताना आजही माझा ऊर भरून येतो. पण इतक्या वर्षांत मला जाणवलं ते असं: जिजाऊंच्या धैर्याची गोष्ट आपण सांगतो ती मुलाला घडवणाऱ्या आईची म्हणून. जहागीर सांभाळणारी, निवाडे करणारी, विधवा झाल्यावरही राज्याचा कारभार पाहणारी बाई आपल्या भाषणांत मागेच राहते. आई म्हणून, पत्नी म्हणून दाखवलेलं धैर्य आपण डोक्यावर घेतो. स्वतःच्या वतीने, किंवा दुसऱ्या एका अनोळखी बाईच्या वतीने दाखवलं, की त्याचं साहस होतं. भलतं साहस.

१८९० साली दोन गोष्टी घडल्या, त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. 'करमणूक'मध्ये हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली, आणि केशवपनाच्या भयाने थरथरणारी यमू घराघरांत रडवून गेली. त्याच वर्षी मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे या कामी पुढे होते. कादंबरी मी आयुष्यभर शिकवली आणि तिच्यावर माझा जीव आहे. पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला, ही गोष्ट मी वाङ्मयाच्या तासाला कधी सांगितली नाही, कारण ती इतिहासाच्या पुस्तकातही नव्हती. वाङ्मय बाईच्या मनातली भीती सांगतं. ज्याची मजुरी बुडणार होती त्या माणसाचं काय, हे कळायला इतिहासाकडे जावं लागतं.

निवृत्तीनंतर मी गावच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी वाचन सुरू केलं. बचत गटाच्या बायका येतात. काहींना वाचता येतं, काहींना नाही. 'स्त्रीपुरुष तुलना' काढलं तेव्हा पहिल्या पानानंतर एक जण म्हणाली, "हे खरंच बाईनं लिवलं? का कोण्या गड्यानं बाईच्या नावानं?" मी म्हटलं, बाईनंच, आपल्या बुलढाण्याच्या. मग ती पुढे सरकून बसली. विजयालक्ष्मीची हकिगत सांगून झाल्यावर सगळ्यांत म्हाताऱ्या बाई, ज्या तोवर वाती वळत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "आन् मंग त्या गड्याले काय झालं वं?" ताराबाईंनी सबंध पुस्तकभर जे विचारलं, ते या बाईंनी पुस्तक न वाचता विचारलं होतं.

त्या दिवशी बोलणं हळदीकुंकवावर गेलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हे करावं असं परिपत्रक काढलं. आणि पुढच्याच वर्षी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' शब्द वापरण्याचा प्रस्तावही सरकारी पातळीवरच निघाला, त्यावर बायकांनी जोराची टीका केली. मी त्यांना आत्याच्या पोस्टकार्डावरचं 'गं. भा.' दाखवलं. दोन अक्षरं. पोस्टमनपासून सगळ्यांना कळावं की ही कोण.

तेव्हा मी त्यांना माझ्या लग्नाचं सांगितलं. वीस वर्षं पगार आणणारी, माझी फी भरणारी, मला मराठी शिकवणारी माझी आत्या. हळदीच्या दिवशी तिने पहाटे उठून पुरण वाटलं, पाट मांडले, रांगोळी काढली. मग सवाष्णी आल्या तशी ती स्वयंपाकघराच्या दाराआड गेली. मी हळदीची वाटी घेऊन तिच्याकडे गेले. तिने माझा हात धरून मागे सारला. "मले नोको वं पोरी. तुह्यं चांगलं व्हू दे." मी परत पाटावर येऊन बसले. तेवीस वर्षांची, एम.ए. झालेली मुलगी मी. मांडवात बसून एक शब्द बोलले नाही. ती वाटी मी तिच्या हातात ठेवायला हवी होती. चारचौघांत, सगळ्यांच्या देखत. माझं साहस तिथे संपलं.

हे सांगून झालं तेव्हा वाचनालयात पंखा तेवढा वाजत होता. कुणी काही बोललं नाही. वाती वळणाऱ्या बाईंनी एक वात माझ्या तळहातावर ठेवली.

पोस्टकार्ड मी खूण म्हणून त्या पुस्तकातच ठेवते. गेल्या पावसाळ्यात पानं वाळवायला पुस्तक उन्हात ठेवलं होतं, तेव्हा पत्त्याच्या बाजूला, तिकिटाच्या खाली, पेन्सिलीची पुसट अक्षरं दिसली. इतक्या वेळा हाताळूनही मला ती दिसली नव्हती. भिंग घेऊन वाचली. अक्षर आत्याचं, शाळेत फळ्यावर काढायची तसं गोल, सुटं, प्रत्येक शब्दावर नीट शिरोरेघ दिलेलं.

सोमवार, १ जुलै १९५७. सकाळी साडेदहा. रुजू झाले.